जुन्या काचेच्या गोट्या ओळखायच्या कशा? रंग नंतर, आधी टोकं बघा

प्रश्न थोडक्यात असा : घरातल्या थोरल्यांच्या सामानात काचेच्या गोट्यांनी भरलेला एक पत्र्याचा डबा सापडला आहे. त्यातल्या खरोखर जुन्या कोणत्या, हाताने घडवलेल्या कोणत्या आणि यंत्रावर निघालेल्या कोणत्या? त्यांना संग्राहकांच्या दृष्टीने काही मोल आहे का? आणि ज्यांच्यावर चरे पडलेत, टवके उडालेत, त्या पॉलिश करून घेतल्या तर चालेल का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण तिथे घाई झाली तर नुकसान भरून निघत नाही. पॉलिश करू नका. गोटीची ओळख तिच्या वरच्या थरात असते. तो थर घासला की तिचं वयही गेलं आणि जन्मखूणही. मळ वाटत असेल तर कोमट पाण्यात साध्या साबणाचे दोन थेंब, मऊ कापड, एवढंच पुरे. पाणी गरम नको. जुन्या काचेत कित्येकदा आधीचा ताण अडकलेला असतो आणि तापमान एकदम बदललं की आतली छोटी भेग आरपार जाते. आम्ल, व्हिनेगर, टूथपेस्ट, भांडी घासायची पावडर यातलं काहीही लावू नका.

आता ओळखीकडे. नवा माणूस डबा उघडतो, सगळ्यात रंगीत गोटी उचलतो आणि इंटरनेटवर तशीच दिसणारी शोधत बसतो. यात फसगत ठरलेली आहे. रंग हा सगळ्यात कच्चा पुरावा. कारखान्यांनी एकमेकांचे खपणारे रंग सर्रास उचलले, कित्येकांनी बाटल्या-बरण्यांची भंगार काच वितळवली, आणि आजही कुणीही तीच छटा भट्टीत काढू शकतो. गोटी कशी बनली हे मात्र सहजी लपवता येत नाही. म्हणून मी रंगाकडे सगळ्यात शेवटी बघतो. आधी बघतो ती टोकं. पृथ्वीगोलाला जसे दोन ध्रुव, तशा बहुतेक जुन्या गोट्यांना दोन जागा असतात, जिथे रेषा येऊन संपतात किंवा जिथे काच कापली गेली. त्या दोन जागा सापडल्या की निम्मं काम झालं.

हाताने घडवलेल्या बहुतेक जुन्या गोट्या जर्मनीच्या आहेत, त्यातही थुरिंगिया भागातल्या लाउशा आणि आसपासच्या गावांच्या. लाउशात काचेचं काम १५९७ पासून चालत आलेलं. १८४६ च्या सुमारास तिथल्या ग्राइनर घराण्यातल्या एका कारागिराने गोट्या कापायची खास कात्री तयार केली आणि धंद्याचं रूपच पालटलं. या कात्रीच्या एका बाजूला छोटी वाटी, दुसऱ्या बाजूला पातं. कारागीर आधी रंगीत काचेचे बारीक दांडे नीट मांडून त्यांच्यावर पारदर्शक काचेचा गोळा फिरवायचा. दांडे चिकटले की वर पुन्हा पारदर्शक काच, कधी त्यावर आणखी दांडे. मग तो गोळा तापलेला असतानाच ओढत आणि पिळत त्याची लांब कांडी करायची. कांडीचं टोक कात्रीच्या वाटीत फिरवून गोल करायचं आणि कापायचं. पुन्हा टोक, पुन्हा काप.

आता कल्पना करा, अशा गोटीला कापाच्या खुणा किती राहतील? दोन. एक आधीच्या गोटीपासून सुटली तिथली, एक कांडीपासून सुटली तिथली. या खुणेला संग्राहक पोंटिल म्हणतात. दहापट भिंगाखाली ती स्पष्ट दिसते : सगळे रंगीत पट्टे पिळत पिळत एका जागी येतात आणि तिथे अचानक तुटतात. ती जागा कधी खडबडीत, बोटाला टोचेल अशी असते. कधी घासून तिच्यावर लहान सपाट पैलू पाडलेले असतात, तर कधी पुन्हा तापवून गुळगुळीत केलेली असते. गुळगुळीत केली तरी रेषांचं ते एकत्र येणं आणि तुटणं राहतंच. डोळे मिटून गोटी ओठांजवळ किंवा अंगठ्याखाली हळू फिरवा. डोळ्यांना न दिसलेली खूण कित्येकदा स्पर्शाला लागते. शिवाय हाताची गोटी क्वचितच अगदी गोल असते. सपाट काचेवर घरंगळली तर किंचित डुलते.

दोन खुणा सापडल्या, आत पिळाचे पट्टे आहेत, काचेत बारीक बुडबुडे आहेत, पृष्ठभागावर वापराचे असंख्य छोटे घाव आहेत, एवढं जुळलं तर एकोणिसाव्या शतकाचा उत्तरार्ध ते पहिल्या महायुद्धापर्यंतची जर्मन गोटी हाती आहे असं मानायला चांगला आधार आहे. १९१४ मध्ये युद्ध सुरू झालं, अमेरिकेकडे जाणारा जर्मन माल थांबला आणि तोवर तिथे यंत्रं तयार झालेली होती. पुढे हा हस्तव्यवसाय पूर्वीच्या जोमाने उभा राहिला नाही.

जर्मन गोट्यांचे प्रकार आतला गाभा बघून पाडतात. गाभ्यात पांढऱ्या धाग्यांची नाजूक जाळी असेल तर ती लॅटिचिनो. ही सगळ्यात जास्त सापडते, म्हणून सुरुवातीला हीच हातात येईल. जाळी पिवळी असेल तर थोडी कमी आढळणारी, नारिंगी किंवा हिरवी त्याहून कमी. लाल किंवा निळी जाळी हा खरा योग. इथे एक खबरदारी घ्या. जाळीवरून फिरणारे बाहेरचे पट्टे लाल-निळे असले की नवखे लोक 'लाल जाळी' म्हणून आनंदतात. जाळी आणि बाहेरचे पट्टे वेगळे. गोटी उजेडासमोर धरून हळूहळू फिरवा : बाहेरचे पट्टे तुमच्या बाजूने पुढे सरकतात, जाळी खोल मध्यावरच राहते. गाभा भरीव असेल तर सॉलिड कोअर, तीन-चार सुट्या पट्ट्यांचा असेल तर डिव्हायडेड कोअर, एक-दोन रुंद फिती असतील तर रिबन कोअर.

ओनियनस्किनमध्ये गाभा असा दिसतच नाही. पृष्ठभागाच्या किंचित आत, गोटीभर पसरलेला रंगांच्या तुटक रेघांचा थर असतो. गरम गोळा रंगीत काचेच्या चुऱ्यावरून फिरवला, वर पारदर्शक काच चढवली आणि ओढला की ते ठिपके लांबून रेघा होतात. त्यात अभ्रकाचे चंदेरी कण असतील तर गोटी जास्त मोलाची. क्लॅमब्रॉथमध्ये अपारदर्शक काचेवर, बहुधा दुधाळ पांढरीवर, समान अंतरावर बारीक रेषा असतात. काळ्या काचेवर रंगीत पट्टे असलेल्या गोट्यांना इंडियन म्हणतात. खूप तीव्र उजेडात त्यातली काही 'काळी' काच खरं तर गडद जांभळी किंवा गडद पिंगट निघते. हे बघायला विसरू नका.

लुट्झ या प्रकारावर थोडं थांबतो, कारण हा शब्द सगळ्यात बेजबाबदारपणे वापरला जातो. लुट्झमध्ये सोनेरी चमचमते कण असतात. ते सोनं नव्हे, ते तांब्याचे सूक्ष्म स्फटिक. काच कमी प्राणवायूत वितळवून सावकाश थंड केली की तांबं असं वेगळं होतं. नाव पडलं ते बॉस्टन अँड सँडविच काच कारखान्यात काम केलेल्या निकोलस लुट्झ यांच्यावरून, पण त्यांनी अशा गोट्या बनवल्याचा आधार मिळत नाही. गोट्या जर्मनच आहेत. हाताने केलेल्या, दोन खुणा असलेल्या गोटीतच हे सोनेरी पट्टे असतील तर ती लुट्झ. यंत्रावरच्या गोटीत चमक दिसली म्हणून ती लुट्झ होत नाही. 'लुट्झ' म्हणून विकायला काढलेल्या गोटीच्या दोन्ही टोकांचे फोटो विक्रेता देत नसेल तर मी पुढचं बोलणं करत नाही.

सल्फाइड हा माझा स्वतःचा सगळ्यात आवडता प्रकार. पारदर्शक, बहुधा इंचापेक्षा मोठी गोटी आणि तिच्या पोटात पांढऱ्या मातीसारख्या पदार्थाची छोटी मूर्ती : मेंढी, कुत्रा, सिंह, पक्षी. काच आणि मूर्ती यांच्यामध्ये हवेचा अतिशय पातळ थर अडकतो, उजेड त्यावरून परततो आणि मूर्ती चांदीसारखी चकाकते. या गोट्या कांडीतून कापलेल्या नसतात, एकेक करून घडवलेल्या असतात; म्हणून त्यांना पोंटिल एकच, बहुधा मूर्तीच्या तळाशी. प्राण्यांच्या मूर्ती जास्त, माणसांच्या कमी. रंगीत काचेतल्या कमी, आणि रंगवलेल्या मूर्तीच्या फारच कमी. मोठ्या आणि जड असल्याने खेळताना त्यांनाच सगळ्यात जास्त मार बसलेला असतो, म्हणून पॉलिश केलेल्या गोट्यांचं प्रमाणही इथेच जास्त. मूर्ती मध्यावर नसून एका अंगाला सरकलेली दिसली तर दोन शक्यता : घडवतानाच तशी बसली, किंवा एका बाजूची काच घासून उतरवली. व्यास तीन-चार दिशांनी मोजा, उलगडा होईल.

एकच पोंटिल असलेल्या, मूर्ती नसलेल्या, संगमरवरी लहरींच्या गोट्याही मिळतात. हस्तकला आणि यंत्र यांच्या संधिकाळातल्या म्हणून त्यांना ट्रान्झिशनल म्हणतात. जेम्स हार्वी लाइटन आणि इतरांनी १८९० च्या दशकात ओहायोत अशा गोट्या हाताने काढल्या. तशाच धाटणीच्या जपानी गोट्याही आहेत. पोंटिल दुमडलेला आहे, मुरगळलेला आहे की कापलेला, यावरून जाणकार त्यांच्यात फरक करतात. नवख्याने या वाटेला उशिरा जावं.

यंत्राची गोष्ट ओहायोतल्या अ‍ॅक्रन शहरात सुरू होते. मार्टिन फ्रेडरिक क्रिस्टेन्सन यांना १९०५ मध्ये गोळे घडवणाऱ्या यंत्राचं पेटंट मिळालं. खोबणी असलेले रोलर फिरत असतात, त्यांच्यात तापलेल्या काचेचा तुकडा पडतो, लोळत लोळत गोल होतो आणि थंड होत बाहेर येतो. पण सुरुवातीला भट्टीतून काच उचलायचं काम माणूसच करायचा. लोखंडी सळईवर काचेचा गोळा घ्यायचा, किंचित फिरवत तो खाली ओघळू द्यायचा आणि कात्रीने कापायचा. या फिरवण्याची खूण गोटीवर उमटली : एका टोकाला नऊच्या आकड्यासारखं वळण आणि दुसऱ्या टोकाला निमुळती शेपटी. दोन रंगांच्या लहरी असलेल्या स्लॅग गोटीवर हे नऊ आणि शेपटी नीट दिसले तर ती अशा हाताने उचललेल्या काचेची, म्हणजे यंत्रयुगाच्या अगदी आरंभीची. क्रिस्टेन्सन यांचा कारखाना १९१७ मध्ये बंद पडला. युद्धकाळात नैसर्गिक वायूची टंचाई हे त्यातलं मोठं कारण.

स्लॅगचा सगळा थाट नैसर्गिक अकीकाची नक्कल करण्याचा. खऱ्या अकीकाच्या गोट्या जर्मनीतल्या इडार-ओबरश्टाइनला दगडी जात्यावर घासून घडवत. डब्यात अशी एखादी असेल तर कडेच्या उजेडात तिच्यावर छोटे छोटे सपाट पैलू दिसतील. ती काचेची नव्हे, पण बाजूला जपून ठेवा.

अ‍ॅक्रनलाच निघालेली अ‍ॅक्रो अ‍ॅगेट कंपनी १९१४ मध्ये पश्चिम व्हर्जिनियातल्या क्लार्क्सबर्गला गेली आणि १९५१ पर्यंत चालली. तिची कॉर्कस्क्रू गोटी नवख्याने सगळ्यात आधी शिकावी, कारण ती एकदा कळली की पुन्हा चुकत नाही. कॉर्कस्क्रूमध्ये रंगाची फीत एका टोकाला सुरू होते, गोटीला वळसे घालते आणि बरोबर समोरच्या टोकाला संपते. दोन-तीन रंग असले तरी ते एकमेकांना ओलांडत नाहीत, शेजारी शेजारी फिरत राहतात. साध्या लहरीच्या गोटीत फीत कुठेही वळते, परत येते, दुसऱ्या रंगात मिसळते. बोटाच्या नखाने फितीचा माग काढा. टोकापासून टोकापर्यंत अखंड जाता आलं तर कॉर्कस्क्रू. याच कंपनीचा ऑक्सब्लड प्रसिद्ध आहे : सुकलेल्या रक्तासारखा अपारदर्शक गडद तांबडा, आणि भिंगाखाली त्यात काळे धागे. काळे धागे नसतील तर तो बहुधा साधा लाल-तपकिरी. तिच्या मूनी नावाच्या दुधाळ गोट्या दिव्यासमोर धरल्या की आतून केशरी दिसतात. नुसत्या पांढऱ्या काचेत ते होत नाही.

इलिनॉयमधल्या ओटावा गावच्या पेल्टियर कंपनीच्या १९२०-३० च्या दशकांतल्या नॅशनल रेनबो गोट्यांची ओळख शिवणीवरून होते. वेगवेगळ्या रंगांच्या फिती गोटीला वेढतात आणि दोन बाजूंना काच जिथे मिटली तिथे शिवण दिसते. संग्राहकांनी यांतल्या रंगजोड्यांना नावं दिली आहेत : सुपरमॅन, ख्रिसमस ट्री, लिबर्टी, रेबेल वगैरे. ही नावं कारखान्याची नाहीत, हौशी लोकांची आहेत. म्हणून 'माझ्याकडे सुपरमॅन आहे' यापेक्षा रंगांचा क्रम आणि शिवणीचा आकार सांगितला तर कुणीही नेमकं बोलू शकेल. याच कंपनीने चित्रकथांतल्या बारा पात्रांच्या चित्रांच्या गोट्याही काढल्या. अस्सल चित्र उष्णतेने काचेवर पक्कं केलेलं असतं, नकली चित्र नखाने उचकटतं.

ओहायोतल्या केंब्रिजची क्रिस्टेन्सन अ‍ॅगेट ही वेगळीच कंपनी. नावात साम्य आहे, संबंध नाही. १९२० च्या दशकाच्या अखेरीस आणि पुढची काहीच वर्षं ती चालली, पण रंगांच्या बाबतीत तिच्या जवळपास कुणी पोचलं नाही. संग्राहक त्या रंगांना इलेक्ट्रिक म्हणतात. तिची गिनी ही यंत्रावरच्या गोट्यांतली सगळ्यात हवीहवीशी : पारदर्शक, निळ्या, पिंगट किंवा बिनरंगी काचेवर बाहेरून चिकटलेले, ताणले गेलेले भडक रंगांचे ठिपके. ठिपके आतल्या बाजूला असतील तर तिला कोब्रा म्हणतात. गिनीच्या नकला भरपूर झाल्या आहेत. अनोळखी डब्यात गिनीसारखी गोटी दिसली तर आनंद आवरून ती आधी जाणत्या हातात द्या.

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या गोट्या पटकन सांगतो. मार्बल किंग कंपनी १९४९ ला सुरू झाली. तिने पांढऱ्या काचेवर रंगाचा फक्त पातळ थर चढवायची पद्धत वापरली. टवका उडालेली गोटी असेल तर तो बघा : आत पांढरं आणि वर कागदाएवढा रंग दिसला तर बहुतेक हाच काळ. याच सुमारास जपानमधून कॅट्स आय आल्या, पारदर्शक गोटीत रंगीत पाती असलेल्या, आणि त्यांनी बाजार काबीज केला. जपानी काचेला बहुधा फिकट हिरवट छटा असते आणि पाती तीन-चार, पातळ. मग अमेरिकन कारखान्यांनीही त्या काढल्या. पेल्टियरच्या कॅट्स आयमध्ये एकच जाड, केळ्याच्या आकाराचं पातं असतं. डब्यात कॅट्स आय सगळ्यात जास्त निघतील. त्या साध्या समजल्या जातात, पण मुलांना ओळखायला शिकवायचं असेल तर त्यांच्यापासूनच सुरुवात करावी.

काही गोट्या खेळायच्या नसतातच. हायरम कॉड यांनी १८७० च्या दशकात सोड्याच्या बाटलीसाठी मानेत काचेची गोळी बसवायची युक्ती काढली. त्या बाटल्या फोडून मुलं गोळ्या काढत. फिकट हिरवट-निळसर, एकरंगी, नक्षी काहीच नाही अशी जमिनीत सापडलेली गोळी बहुधा तीच. रेल्वेमार्गाच्या कडेला सापडणाऱ्या बिनरंगी किंवा हिरवट गोट्या पुष्कळदा काचतंतू बनवायचा कच्चा माल असतात. फवाऱ्याच्या रंगाच्या डब्यात रंग ढवळायला टाकलेल्या गोट्याही लोक जपून ठेवतात. यांचं अस्सलपण खोटं नाही, फक्त त्या गोट्यांच्या संग्रहात मोजल्या जात नाहीत. आणि प्लास्टिकचा संशय आला तर वजन करा : पाच-अष्टमांश इंच, म्हणजे सुमारे सोळा मिलिमीटर व्यासाची काचेची गोटी साधारण पाच ग्रॅम भरते, अ‍ॅक्रिलिकची त्याच्या निम्मी.

आता स्थिती. संग्रहात दुर्मिळतेइतकीच, कधी कधी तिच्याहून जास्त, किंमत स्थितीला आहे. संग्राहक दहापैकी गुण देतात. नऊच्या वर म्हणजे जवळपास कारखान्यातून आल्यासारखी, आठच्या घरात म्हणजे किरकोळ खुणा असलेली, सातच्या घरात म्हणजे खेळलेली पण देखणी, त्याखाली नमुना म्हणून ठेवण्याजोगी. यात एक भेद मनात पक्का करा : जन्मतःचा दोष आणि नंतरचा घाव. काच दुमडल्याची रेष, फुटलेल्या बुडबुड्याचा खळगा, थंड होतानाची सुरकुती हे जन्मतःचे. यांनी गुण फारसे जात नाहीत. आघाताने आत उमटलेली अर्धचंद्राकृती भेग, टवका, पांढरट ठेच हे नंतरचे, आणि यांनी जातात. फरक कसा ओळखायचा? खळग्याची कड भिंगाखाली बघा. कड गोलसर, वितळल्यासारखी असेल तर तो गरम असतानाचा. कड धारदार असेल आणि आत शिंपल्यासारख्या रेषा असतील तर तो फुटण्याचा.

विकत घेताना सगळ्यात जास्त फसवतं ते तेल. खनिज तेलाचा हलका हात फिरवला की बारीक चरे दिसेनासे होतात, कारण तेल त्यांत भरतं आणि उजेड विखुरत नाही. ओलसर, खोल चकाकी दिसली तर अल्कोहोल लावलेल्या कापसाने एक बाजू पुसून वाळू द्या. भिंगाखाली पुसलेला आणि न पुसलेला भाग शेजारी बघितला की काय झाकलं होतं ते समोर येतं. अर्थात विक्रेत्याची परवानगी घेऊन. तो नाही म्हणाला तर तेही एक उत्तरच.

पॉलिश केलेली गोटी ओळखायची तर पुन्हा टोकांकडेच. पोंटिलच्या जागी नुसता गुळगुळीतपणा आणि रेषा मध्येच सपाट कापल्यासारख्या. बाहेरचे पट्टे एका बाजूला पुसट, दुसऱ्या बाजूला ठळक. उघड्या पडलेल्या बुडबुड्यांचे बारीक खड्डे. आणि सगळीकडे सारखीच, निर्जीव चमक. अनपॉलिश्ड जुन्या काचेवर भट्टीची स्वतःची झिलई असते. भिंगाखाली तिच्यात किंचित लहर दिसते. दोन्ही प्रकार शेजारी ठेवून एकदा बघितले की नजर बसते. पॉलिश केलेली गोटी बाळगणं वाईट नाही, पण विकताना तसं सांगितलंच पाहिजे. यावर माझं मत ठाम आहे.

खोट्या मालाबद्दल आणखी दोन गोष्टी. आजचे काचकलावंतही हाताने सुरेख गोट्या घडवतात. त्यांच्यावर बहुधा सही असते आणि त्या त्यांच्या जागी मोलाच्याच आहेत, पण सही घासून त्या जुन्या जर्मन म्हणून खपवल्या जातात. जुन्या गोटीच्या अंगावर वापराची झीज सगळीकडे विखुरलेली असते. अगदी स्वच्छ अंग आणि चकचकीत पोंटिल असं एकत्र आलं तर थांबा. आणि जुनी खोकी व पिशव्या यांच्या नकला गोट्यांपेक्षा सोप्या असतात. युद्धापूर्वीच्या गोट्या प्लास्टिकच्या पारदर्शक पिशवीत, वर पुठ्ठा स्टेपल केलेला अशा आल्या तर पिशवी नंतरची आहे हे नक्की समजा.

अतिनील दिवा अनेक जण घेतात, आणि घ्यावाच. युरेनियम असलेली काच त्याखाली झगझगीत हिरवी उजळते, मँगनीज असलेली मंद. पण यावरून वय ठरत नाही, कारण युरेनियमची काच आजही बनते. दोन सारख्या दिसणाऱ्या गोट्या एकाच काचेच्या आहेत का, हे पडताळायला मात्र दिवा फार उपयोगी.

सुरुवातीला लागतं ते एवढंच : दहापट भिंग, मिलिमीटर दाखवणारं कॅलिपर, एक पांढरा दिवा आणि खाली अंथरायला जाड मऊ कापड. कापड आधी अंथरा, डबा नंतर उघडा. संग्रह करायचाच असेल तर एक कारखाना किंवा एक प्रकार धरून वर्षभर त्याच्याच मागे राहा. सगळं थोडं थोडं घेणाऱ्याची नजर तयार व्हायला फार वेळ लागतो. साध्या पांढऱ्या जाळीच्या, थोड्या मार लागलेल्या जर्मन गोट्या शिकण्यासाठी उत्तम. त्या हाताळताना भीती वाटत नाही आणि पोंटिलचे सगळे प्रकार त्यांत बघायला मिळतात.

ठेवताना काचेला काच लागू देऊ नका. बरणीत भरलेल्या गोट्या छान दिसतात, पण प्रत्येक वेळी बरणी हलली की आतून बारीक ठेचा पडतात. खण पाडलेली पेटी, तळाशी मऊ फोम, खणात एक गोटी. खिडकीत तर अजिबात नको. मोठा पारदर्शक गोळा उन्हात भिंगासारखं काम करतो आणि कागद किंवा कापड खरोखर पेटू शकतं. चिठ्ठी गोटीवर चिकटवू नका, खणाला लावा : व्यास, प्रकार, कुठून आली, कोणाची होती. घरातून आलेल्या गोट्यांच्या बाबतीत शेवटच्या दोन नोंदी आत्ताच, माहिती असणारी माणसं आहेत तोवर, विचारून लिहून ठेवा.

तुमच्या डब्याचं काय करायचं, तर आधी चार ढीग करा : दोन खुणांच्या, एका खुणेच्या, यंत्राच्या नक्षीदार, आणि कॅट्स आय व एकरंगी. चौथा ढीग सध्या बाजूला ठेवा. पहिल्या तिन्हींतल्या प्रत्येक गोटीचे तीन फोटो काढा, एक बाजूचा आणि दोन्ही टोकांचे, फ्लॅश न लावता, खिडकीच्या सौम्य उजेडात, राखाडी किंवा पांढऱ्या कागदावर. सोबत मिलिमीटरमधला व्यास आणि उजेडासमोर धरल्यावर काच पारदर्शक, दुधाळ की अपारदर्शक ते लिहा. एवढं दिलंत तर बहुतेक गोट्यांचा काळ आणि पुष्कळांचा कारखाना सांगता येईल.